खुनी सापडला, पण कागदावर काय लिहायचं?

"सप्रेम नमस्कार. मी ६१ वर्षांची, कोथरूडला राहते. ३० वर्षं जर्मन शिकवलं, आता निवृत्त आहे. गेली चार वर्षं एक रहस्यकादंबरी लिहितेय. काळ जुलै-ऑगस्ट १९३६, स्थळ बर्लिन. ऑलिंपिकच्या तोंडावर लांडव्हेर कालव्यात एका टायपिस्ट मुलीचं प्रेत सापडतं. तपास करणारा निरीक्षक गुन्हे शाखेतला, नाझी पक्षाचा सभासद नसलेला, सरळ माणूस. खुनी निघतो एसएसचा, म्हणजे नाझी पक्षाच्या खास दलाचा अधिकारी. शेवटच्या प्रकरणात निरीक्षक भर कोर्टात त्याचं बिंग फोडतो आणि त्याला मृत्युदंड होतो. एकूण ३४० पानं झाली.

एका प्रकाशकांनी वाचून सांगितलं, 'बर्लिन कोण वाचणार? हेच आणीबाणीतल्या पुण्यात आणा, लगेच घेतो.' माझी जुनी मैत्रीण, जिला विचारल्याशिवाय मी साडीसुद्धा घेत नाही, ती म्हणाली, 'तू हिटलरच्या पोलिसाला हीरो केलंस, मला पुढे वाचवेना.' त्याला दीड महिना झाला, तिचा फोन नाही. आणि मला स्वतःलाच शेवट खोटा वाटतो, पण का ते कळत नाही. पुण्यात आणू, मैत्रिणीचं ऐकू, की सगळं कपाटात टाकून डांबरगोळ्या घालू? सोबत पहिली तीन आणि शेवटचं प्रकरण जोडलंय."

ताई, नमस्कार.

शेवट खोटा वाटतो, कारण तो खोटाच आहे. बाकीचं मात्र नाही. पहिली तीन प्रकरणं मी ताटातली आमटी गार करून वाचली. त्या मुलीला कालव्यातून वर काढतात तेव्हा तिच्या उजव्या अंगठ्यावर कार्बन पेपरचा जांभळा डाग तसाच असतो, दोन दिवस पाण्यात राहूनही न गेलेला. तिथेच मी पेन्सिल खाली ठेवली. या डागाकडे आपण परत येऊ, कारण तुमच्या कादंबरीचा शेवट त्या अंगठ्यावर आहे आणि तुम्ही तो कोर्टात शोधत बसलाय.

आपण लहानपणी ज्या रहस्यकथा वाचल्या, वाचनालयातून आणून, अभ्यासाच्या पुस्तकात दडवून, त्या सगळ्या एकाच ठिकाणी संपायच्या. गुप्तहेर नाव घेतो, बेड्या पडतात, पुस्तक मिटतं. तिथे मिटू शकतं, कारण पुढचं सगळं आपसूक होणार याची वाचकाला खात्री असते. आरोपपत्र जाईल, वकील उभे राहतील, निकाल लागेल. लेखकाला ते लिहावंसुद्धा लागत नाही. तुमच्या बर्लिनमध्ये हे 'आपसूक'च मोडून पडलंय. २८ फेब्रुवारी १९३३च्या वटहुकमाने नागरिकांचे मूलभूत हक्क स्थगित झाले ते हिटलर असेपर्यंत परत आलेच नाहीत. १० फेब्रुवारी १९३६च्या कायद्याने ठरवून टाकलं की गेस्टापोच्या, म्हणजे गुप्त पोलिसांच्या, कारवाईविरुद्ध प्रशासकीय न्यायालयात दाद मागायची नाही. आणि १७ जून १९३६ला, तुमचं प्रेत वर येण्याच्या जेमतेम महिनाभर आधी, एसएसचा मुख्य हिमलर साऱ्या जर्मन पोलिसांचाही प्रमुख झाला. म्हणजे बघा, तुमच्या निरीक्षकाचा साहेब आणि तुमच्या खुन्याचा साहेब एकच! यापेक्षा मोठा पेच कुठला लेखक रचणार? तुम्हाला तो इतिहासाने आयता आणून दिलाय आणि पाठवलेल्या पानांत त्याचा उल्लेख एका ओळीत, तोही स्वयंपाकघरातल्या रेडिओवरच्या बातमीत.

खरोखर काय व्हायचं ते सांगतो. म्युनिकजवळचा डाखाऊचा छळछावणीचा तळ मार्च १९३३मध्ये उघडला. १२ एप्रिलला तिथे चार कैद्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या, चौघेही ज्यू. छावणीचं म्हणणं, पळून जात होते. म्युनिकच्या सरकारी वकिलांच्या कचेरीतला योझेफ हार्टिंगर नावाचा माणूस एका डॉक्टरला घेऊन तिथे गेला. नेहमीचं काम म्हणून गेला हो, क्रांती करायला नाही. संशयास्पद मृत्यू झाला की जाऊन बघायचं, हा नियम अजून कुणी रद्द केला नव्हता. गोळ्या जवळून, डोक्यात मागून लागलेल्या. पुढच्या आठवड्यांत आणखी मेले, हा पुन्हा गेला, पुन्हा शवविच्छेदन, पुन्हा टिपणं. शेवटी त्याने छावणीच्या लोकांवर आरोपपत्रं तयार केली. वरिष्ठ सही करेनात, तेव्हा १ जून १९३३ला स्वतःच सही केली.

पुढे काय? तुमच्या हिशेबाने कोर्ट. तसं काही घडलं नाही. कागद वर गेले आणि बव्हेरियाच्या गृहमंत्र्याच्या टेबलाच्या खणात कुलूपबंद झाले. छावणीचा कमांडंट तेवढा हलवला गेला. नाझी राजवटीत त्या आरोपपत्रांवर खटला उभा राहिला नाही. महायुद्ध संपल्यावर अमेरिकनांच्या हाती ते कागद लागले आणि न्यूरेंबर्गच्या खटल्यात पुरावा म्हणून मांडले गेले. बारा वर्षं खणात पडलेले कागद. हार्टिंगर नीट लिहून गेला होता, तारखेसकट, जखमेच्या मापासकट, म्हणून ते उपयोगी पडले.

तुमचा निरीक्षक भर कोर्टात बोट दाखवून गर्जना करतो ना, "हाच तो!", तिथे मला हार्टिंगर आठवला आणि तुमचं ते पान मी उलटं ठेवलं. रागावू नका.

हुकूमशाहीत तपास करणाऱ्याला खुनी कोण हे बऱ्याचदा लवकरच कळतं. गल्लीलाही कळलेलं असतं. अडतं ते कागदापाशी. मृत्यूचं कारण काय लिहायचं, वेळ कुठली घालायची, कोणाचा जबाब घ्यायचा आणि कोणाचा 'आढळून आला नाही' म्हणून सोडायचा, आणि मुख्य म्हणजे, खुनी म्हणून कोणाचं नाव चालण्यासारखं आहे. सगळा थरार तिथे आहे.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये, म्हणजे जर्मनीचं तेवढं वाचलेलं. माझे वडील पुण्यातल्या एका पोलीस चौकीत रायटर होते. रायटर म्हणजे लेखक नव्हे, ताई, चौकीतला लिहिणारा हवालदार. "सदर इसम", "मयताचे अंगावर", "समक्ष पंच" ही त्यांची भाषा. घरी किराण्याची यादी करतानाही "साखर नग एक किलो" लिहायचे आणि आई हसायची. १९७६ साली मी तेरा वर्षांचा होतो. त्या वर्षी कधीतरी त्यांना एक नवी खोड लागली. दिसेल त्यावर वेळ लिहायची. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात 'दूध ६.०५'. गॅसच्या पावतीवर 'सिलिंडर १०.४०'. माझ्या शाळेच्या रजेच्या अर्जावर सहीखाली तारीख आणि 'सकाळी ७.१५'. मास्तरांनी मला विचारलंसुद्धा, तुझे वडील रेल्वेत आहेत का?

ते गेल्यावर माळ्यावर ती कॅलेंडरं निघाली, सुतळीने बांधलेली. तेव्हा त्यांच्याबरोबर नोकरी केलेल्या एका काकांनी सांगितलं. आणीबाणीत एका रात्री कॉलेजचं एक पोरगं चौकीत आणलं होतं, सायक्लोस्टाइल केलेली पत्रकं वाटताना सापडलेलं. आणलं रात्री नऊला. डायरीत नोंद करायला सांगितलं दुसऱ्या दिवशी दुपारी बाराची. वडिलांनी बाराची केली. पोराचं पुढे काय झालं, काकांना आठवत नव्हतं. सुटलं असावं म्हणाले. वडिलांनी राजीनामा दिला नाही, साहेबांशी वाद घातला नाही, घरी चकार शब्द काढला नाही. फक्त नंतर आयुष्यभर दुधाची वेळ बरोबर लिहीत राहिले.

तुमच्या निरीक्षकाला असं काहीतरी द्या. तो 'सरळ माणूस' आहे हे तुम्ही तीन प्रकरणांत पाच वेळा सांगता, मी मोजलं. सरळ माणसाने पहिली चुकीची वेळ कधी लिहिली, ते एकदाच दाखवा.

आता तुमच्या मैत्रिणीचं. ती अर्धी बरोबर आहे, आणि अर्धी बरोबर असलेली मैत्रीण फार त्रास देते. तुमची समजूत अशी दिसते की गेस्टापो वाईट आणि गुन्हे शाखा, म्हणजे क्रिपो, ही आपली चोर-खुनी पकडणारी साधी मंडळी. युद्धानंतर क्रिपोतल्याच कित्येकांनी हे मोठ्या प्रेमाने सांगितलं, आम्ही फक्त नोकरी केली म्हणून. खरं काय ते १९३७ साल सांगतं. ९ मार्च १९३७ला हिमलरच्या हुकमाने देशभरातून सुमारे २००० 'सराईत गुन्हेगार' एका झटक्यात उचलून छावण्यांत टाकले गेले. डिसेंबर १९३७च्या हुकमाने क्रिपोला अधिकारच मिळाला की कोर्टाचं तोंड न बघता माणसाला 'प्रतिबंधक' म्हणून छावणीत पाठवायचं. शिक्षा भोगून बाहेर आलेला पाकीटमार, काम नसलेला भटक्या, कोणीही. त्या कागदांवर गेस्टापोच्या काळ्या कोटवाल्यांच्या सह्या नव्हत्या. तुमच्या निरीक्षकासारख्या, घरी जाऊन मुलांना गोष्टी सांगणाऱ्या माणसांच्या होत्या. त्यांचा वरिष्ठ आर्थर नेबे, चांगला नावाजलेला गुन्हे-तज्ज्ञ. १९४१मध्ये पूर्व आघाडीवर त्याने ज्या पथकाचं नेतृत्व केलं त्याने काही महिन्यांत सुमारे ४५ हजार माणसं मारली. तोच माणूस पुढे हिटलरविरुद्धच्या कटात सापडला आणि १९४५मध्ये फासावर गेला. आता याला काय म्हणायचं, खलनायक की नायक? मी तर म्हणतो काही म्हणू नका, नुसतं लिफ्टमध्ये निरीक्षकाच्या शेजारी उभं करा आणि हवापाण्याच्या गप्पा मारू द्या.

तुमची कथा १९३६ची आहे, म्हणजे हे सगळं अजून व्हायचंय. पण झाक्सेनहाउझेनची छावणी नेमकी त्या उन्हाळ्यात, शहरापासून तासाभराच्या अंतरावर, बांधली जात होती. तुमच्या पहिल्याच प्रकरणात एक म्हातारा पाकीटमार निरीक्षकाला खबर देतो, विड्या मागतो, छान जमलाय तो. १६ जुलै १९३६ला बर्लिनमधल्या रोमा लोकांना, ज्यांना तेव्हा सगळे जिप्सी म्हणत, शहराच्या टोकाला मार्त्साननजीक एका माळावर नेऊन टाकलं, पाहुण्यांच्या नजरेला पडू नयेत म्हणून. तुमच्या निरीक्षकाची त्या दिवशी ड्यूटी कुठे होती? खुनाचा तपास त्याने संध्याकाळी सुरू केला असेल, पण सकाळी तो काय करत होता? हे एक पान लिहिलंत ना, की तुमच्या मैत्रिणीचा आक्षेप तिथेच मिटेल. तिला नायक वाईट हवाय असं नाही. तुम्ही त्याला शिंतोडा उडू दिला नाहीत, त्याने तिचं डोकं फिरलंय.

'कोणाचं नाव चालेल' याचं एक उदाहरण तुमच्या काळाच्या चार वर्षं पुढचं आहे, पण कामाचं आहे म्हणून सांगतो. १९४०-४१मध्ये बर्लिनच्या लोकलवर, एस-बानवर, बायकांवर हल्ले होऊ लागले. विमानहल्ल्यांमुळे शहरात अंधार, डब्यात अंधार, आणि चालत्या गाडीतून बाई बाहेर फेकलेली. आठ जणींचा जीव गेला. वर्तमानपत्रांवर बंधन, बायकांना धड सावधही करता येईना. पोलिसांची नजर आधी कुठे गेली? परदेशातून आणलेल्या मजुरांवर आणि ज्यूंवर. निघाला कोण? पाउल ओगोर्त्सोव, रेल्वेचाच कर्मचारी, नाझी पक्षाचा सभासद, त्यांच्या एसए दलातला. सापडला जुलै १९४१मध्ये आणि दोन आठवड्यांत शिरच्छेद करून मोकळे झाले. एवढी घाई कशाची, हा प्रश्न वाचकाला पडू द्या. उलटी तऱ्हा पाहायची तर १९४३चा ब्रुनो ल्युड्के. मंदबुद्धीचा, बिचारा. एका खुनाच्या संशयावरून धरला आणि देशभरातले न सुटलेले पन्नासहून जास्त खून त्याच्याकडून कबूल करून घेतले. खटला कधीच नाही. दुसऱ्या वर्षी व्हिएन्नात, पोलिसांच्याच ताब्यात मेला. फायली मात्र किती छान बंद झाल्या असतील!

म्हणून म्हणतो, खुनी एसएसवाला आहे हे निरीक्षकाला २२० व्या पानावर कळू द्या. उरलेली पानं फाईलची. पहिला अहवाल, दुरुस्त अहवाल, 'आत्महत्या असावी' असा अहवाल. मग एक दिवस साहेब म्हणतो, तो पाकीटमार आहे ना तुमचा, त्याचा त्या कालव्यावर वावर होताच की. तुमच्या निरीक्षकाने तेव्हा काय केलं, ते मला माहीत नाही. तुम्हालाही अजून माहीत नसावं. पण कादंबरी तिथे आहे. आणि ती मुलगी टायपिस्ट होती, तिच्या अंगठ्यावर कार्बनचा डाग होता. अहो, कार्बन होता म्हणजे दुसरी प्रत होती! ती कुठे आहे? तुम्ही स्वतः ठेवलेली वस्तू आणि तुम्हीच तिच्यावरून चालत गेलात. शेवटी ती प्रत बाहेर आलीच पाहिजे असंही नाही. ती कुठल्या खणात आहे एवढं वाचकाला दाखवून दिवा मालवलात तरी पुरे.

प्रकाशकांबद्दल थोडक्यात. 'नावं बदला, पुण्यात आणा' हा व्यवहारी सल्ला आहे, वाङ्मयीन नाही, आणि खरं सांगायचं तर इतिहासाच्या दृष्टीने धड नाही. आणीबाणी २५ जून १९७५ला लागली, २१ मार्च १९७७ला उठली, मध्ये निवडणूक झाली आणि सरकार पडलं. येरवडा राजबंद्यांनी भरलं होतं, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर होता, २८ एप्रिल १९७६ला सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने सांगितलं की स्थानबद्धाला सुटकेसाठी दारसुद्धा ठोठावता येणार नाही. हे सगळं भयंकरच. तरी ते बर्लिन नव्हे, आणि बर्लिनचा कोट पुण्याच्या अंगावर चढवला की बाह्या लोंबणार. आणीबाणीची कादंबरी लिहायची तर ती वेगळी, मुळापासून लिहा.

आणि लिहिलीत तर खून शोधत बसायला नको. जोशी-अभ्यंकर खटला तुमच्या-माझ्या वयाच्या पुणेकराला सांगायला नको. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७, दहा खून, बहुतेक आणीबाणीच्या मुदतीतले. १ डिसेंबर १९७६ला भांडारकर रस्त्यावर एकाच घरात पाच, त्यांत संस्कृतचे वयोवृद्ध पंडित काशिनाथशास्त्री अभ्यंकर. आमच्याकडे दिवेलागणीला आई आतून कडी घालायची आणि दाराला पाटा टेकवायची, वर वरवंटा. कोणी दार ढकललं तर वरवंटा पडून आवाज व्हावा म्हणून. एकदा मांजराने पाडला आणि अख्ख्या वाड्याने दिवे लावले. वडील पोलीस, आणि घरात पहाऱ्याला वरवंटा! मारेकरी पकडले गेले मार्च १९७७च्या अखेरीस, आणीबाणी उठून आठवडा झाल्यावर. एका कला महाविद्यालयातले विद्यार्थी. चौघांना १९८३मध्ये येरवड्यात फाशी झाली. सरकारच्या हातात तेव्हा कुणालाही चौकशीशिवाय आत टाकायची सोय होती, आणि ही पोरं चौदा महिने शहरात उजळमाथ्याने फिरत होती. बर्लिनच्या लोकलवरचा तो रेल्वेवालाही तसाच. कोणालाही पकडता येणं आणि पाहिजे त्याला पकडता येणं, या दोन गोष्टींचं आपसात फारसं सख्य नसावं.

पुणेरी वाचकाला बर्लिनमध्ये बिऱ्हाड करून द्यायचं असेल तर दारं आहेत, फक्त ओढूनताणून नको. इरावतीबाई कर्वे १९२०च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनलाच होत्या, डालेममधल्या कैसर विल्हेल्म संस्थेत, ऑयगेन फिशरच्या हाताखाली. कवट्या मोजायचं काम. गुरुजींना गोऱ्या वंशाचं वेगळेपण सिद्ध व्हायला हवं होतं. बाईंनी मोजून सांगितलं की वंशावरून तसा फरक दिसत नाही. तेच गुरुजी १९३३मध्ये बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले. तुमच्या निरीक्षकाला शवविच्छेदनाचा एखादा डॉक्टर त्या संस्थेत भेटला, आणि त्याने "इथे एक हिंदी बाई होती, फार चोख मोजायची" असं जाता जाता म्हटलं, तर आपल्या वाचकाच्या अंगावर काटा येईल. नाव घेऊ नका, ओळखणारे ओळखतील. ऑलिंपिकच्या गर्दीत अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथकही होतं, कबड्डी दाखवायला गेलेलं. आणि १५ ऑगस्टला ध्यानचंदांच्या संघाने जर्मनीला हॉकीच्या अंतिम सामन्यात ८-१ असं धुतलं. सामना १४ला होता, पावसाने एक दिवस पुढे गेला. त्या एका रिकाम्या, ओल्या दिवसाचं तुम्ही काय काय करू शकाल!

भाषेबद्दल एकच. जर्मनमध्ये 'झी' (तुम्ही) आणि 'डू' (तू) आहे, इंग्रजीत अनुवाद करणाऱ्याला तिथे घाम फुटतो. आपल्याकडे तुम्ही, तू आणि वर आपणसुद्धा आहे. तुमच्या दुसऱ्या प्रकरणात गेस्टापोचा माणूस पहिल्या वाक्यापासून घरमालकिणीला "ए बाई" करतो, हे हिंदी सिनेमातलं झालं. त्याला "आपण बसून घ्या" म्हणू द्या. "आपण काळजी करू नका." दोन पानं असं चालू द्या. आणि मग एकदम, आवाज न चढवता, "तुझा मुलगा किती वाजता येतो?" बस. तसंच तुम्ही 'अपार्टमेंट', 'कोर्टयार्ड' लिहिलंय ते काढा. बर्लिनच्या त्या कामगारांच्या इमारती, एकामागे एक चौक, मागच्या चौकात ऊन नाही, संडास सामाईक, कोणाकडे कोण आलं ते सगळ्यांना ठाऊक, हा वाडाच की! पहिला चौक, तिसरा चौक, बिऱ्हाडकरू म्हणा. आणि इमारतीवर नजर ठेवणारा पक्षाचा माणूस वेगळा रंगवावा लागणार नाही, ओट्यावर बसून "कुठून आलात?" विचारणारे आजोबा पुण्याने भरपूर पाहिलेत, फरक इतकाच की यांच्याकडे वही आहे.

किरकोळ चुका. तिसऱ्या प्रकरणात ऑगस्टमध्ये 'एका भांड्याचा रविवार' आहे, म्हणजे सगळ्या घरांनी साधं कालवण करून वाचलेले पैसे पक्षाच्या मदतनिधीला द्यायचे तो. तो प्रकार ऑक्टोबर ते मार्च चालायचा. प्रसंग सुंदर आहे, टाकून देऊ नका, आठवण म्हणून आणा. रेडिओ ७६ मार्कांचा, ते बरोबर. पण त्याच्या नावातला ३०१ हा आकडा हिटलर सत्तेवर आला त्या ३० जानेवारीवरून आहे, हे कोणाच्यातरी तोंडी घाला. घरातल्या फळीवर रोज ती तारीख बसलेली असायची.

मैत्रिणीला फोन तुम्ही करा. दीड महिना म्हणजे फार झाला, आणि ती वाट बघत असणार. साडीच्या दुकानात एकटी उभी राहिली असेल तर तिलाही कळलं असेल. कादंबरीचा विषय काढू नका. चहाला बोलवा. नवं सोळा जुलैचं पान लिहून झालं की मग तेवढंच एक पान तिच्या हातात द्या, अख्खा गठ्ठा नको.

हिमलर तुम्ही तीन प्रकारे लिहिलाय, हिम्लर, हिमलर आणि एका ठिकाणी हिम्मलर. कुठला तरी एक ठेवा. आणि पुढचा खर्डा पाठवाल तेव्हा आमच्याकडे मूळ हस्तलिखित पाठवू नका. यावेळी पाठवलंत ते मूळच होतं, खाडाखोडीवरून कळलं. जपून ठेवलंय, कधीही येऊन घेऊन जा. झेरॉक्सवाला तुमच्या कोपऱ्यावर असेलच.